शाई उगाळण्यापासून सुरुवात करा

चिनी कुंचल्याने लिहायला शिकायचं असेल, तर पहिले काही महिने बाटलीतली शाई घरात आणू नका. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बाटली उघडली की लगेच लिहिणं सुरू होतं, आणि तसं सुरू झालेलं लिहिणं दहा मिनिटांत कागदांचा ढीग करून संपतं. शाईची कांडी उगाळायला बसलात, तर तासातला पहिला पाव तास हात नुसता गोल फिरत राहतो. तेवढ्यात हात, श्वास आणि डोकं एका चालीवर येतात. 'धीर धरा' असं सांगून कोणाला धीर येत नसतो. या विद्येत धीर अवजारांतच घालून ठेवला आहे. ती जशी वापरायची तशी वापरली की तो हळूहळू हातात उतरतो. म्हणून मी इथे जे सांगणार आहे, ते मुख्यतः वेळ कुठे घालवायचा याबद्दल आहे.

मी मूळचा इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यातला. चीनच्या झेजियांग प्रांतात शाओशिंग शहराला लागून केछियाओ आहे. तिथली कापडाची बाजारपेठ एवढी मोठी आहे की पुष्कळ भारतीय व्यापारी वर्षानुवर्षं तिथेच राहतात. मीही राहिलो. लॉट रंगून येईपर्यंत, नमुना पास होईपर्यंत, कंटेनर लागेपर्यंत तिथे वाट बघण्यावाचून गत्यंतर नसतं. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना नुसतं 'लाओशी' म्हणत, म्हणजे बाई. कुंचला धरायला मला त्यांनीच शिकवलं. मी खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांचं आहे, आग्रह तेवढा माझा.

एक शंका आधीच दूर करतो. चिनी भाषा यायलाच हवी का? सुरुवात करायला नको. पण जे अक्षर लिहाल त्याचा अर्थ, उच्चार आणि त्यातल्या रेघांचा क्रम माहीत करून घ्या. क्रम चुकला की अक्षराचा तोल जातो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हा ढोबळ नियम. बाकी क्रम हलत्या चित्रात दाखवणारे चिनी शब्दकोश फोनवर फुकट मिळतात.

सामान

कुंचला, शाई, कागद आणि सहाण ही चार रत्नं आहेत असं चिनी लोक म्हणतात. चारही वस्तूंची नावाजलेली गावं आहेत. कुंचल्यासाठी हूझोउजवळचं शानलियेन, शाईसाठी आन्हुईतला जुना हुईझोउ परगणा, सहाणीसाठी ग्वांगदोंगमधलं झाओछिंग आणि कागदासाठी आन्हुईतलाच जिंग तालुका. शिकणाऱ्याने यातलं महागडं काहीही घेऊ नये. फक्त कशाला किती वेळ लागतो एवढं लक्षात ठेवावं. जिंग तालुक्यातला श्वान कागद निळ्या चंदनाच्या सालीपासून आणि भाताच्या पेंढ्यापासून होतो. नाव चंदन असलं तरी आपल्या चंदनाशी त्याचा संबंध नाही. तो पेंढा डोंगरउतारावर पसरून महिनोन्महिने ऊनपावसात ठेवतात, त्यातच तो पांढरा होतो. शंभरावर क्रिया होऊन कागद तयार होतो. 2009 साली युनेस्कोने ही कारागिरी मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली, आणि त्याच वर्षी चिनी सुलेखनही. असा कागद पहिल्याच दिवशी चुरगाळून टाकायचा नसतो.

सरावाला बांबूचा पिवळसर कागद घ्या. तिथे त्याला माओब्येन म्हणतात, ऑनलाइन मिळतो. नाही मिळाला तर जुनी वर्तमानपत्रं चालतात, चीनमध्येही अनेकांचा सराव रद्दीवरच झालेला आहे. कागदाची परीक्षा सोपी आहे. शाईचा एक थेंब टाका. तो लगेच आत मुरून कडेने पसरायला लागला तर कागद कामाचा. फोटोकॉपीचा कागद मात्र नको. त्यावर शाई मुरत नाही, त्यामुळे हात कुठे अडला नि कुठे पळाला हे तो कागद तुम्हाला सांगतच नाही. कागदाखाली जाड लोकरी कापडाची घडी घाला, नाहीतर शाई टेबलाला चिकटते आणि कुंचल्याखाली कडक लागतं.

कुंचला मिश्र केसांचा घ्या. नुसत्या बोकडाच्या केसांचा कुंचला मऊ असतो, शाई भरपूर धरतो, पण नवख्याच्या हाती लोळतो. विझल हा मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी. नुसत्या त्याच्या केसांचा कुंचला ताठ असतो, तो तुमच्या चुका झाकतो. मिश्र केसांचा दोन्हीतलं थोडं थोडं शिकवतो. केसांची लांबी चार सेंटीमीटरच्या आसपास असली की तळहाताएवढी अक्षरं छान येतात. लहान अक्षरांनी सुरुवात करू नका. लहान अक्षरात दोष दिसत नाहीत, आणि शिकणाऱ्याला ते दिसायला हवेत.

नवा कुंचला खळ लावून टणक केलेला असतो. तो बोटांनी मोडून मोकळा करायची घाई बहुतेकांना होते. तसं केलं की केस तुटतात. साध्या गार पाण्यात केस बुडवून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं तिकडे पाहूसुद्धा नका. गरम पाणी वापरलंत तर मुळाशी असलेला डिंक सुटतो आणि केस गळायला लागतात. खळ आपसूक विरघळली की बोटांच्या चिमटीत मुळाकडून टोकाकडे हलकेच पिळा, नव्या पाण्यात परत धुवा. कुंचला मुळापर्यंत मोकळा झाला पाहिजे. नुसतं टोक मोकळं करून लिहिणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची रेघ कायम काडीसारखी बारीक येते.

उगाळणं

सहाणीच्या सपाट भागावर चमचाभर पाणी घाला. जास्त नको. लागेल तसं नंतर वाढवता येतं. कांडी सरळ उभी धरा, तिरपी नाही, आणि मोठे गोल फिरवत राहा. देवासाठी गंध उगाळताना जोर लावत नाहीत, हाताचं वजन तेवढं खोडावर असतं, अगदी तसंच इथे. जोर दिलात तर शाई भरड होते आणि फेस येतो. चिनी लोकांत एक जुना वाक्प्रचार आहे: शाई आजाऱ्यासारखी उगाळावी, कुंचला मल्लासारखा धरावा. लाओशी हे रोज म्हणत. मी गल्ल्यावर बसणारा माणूस, हात झपाझप चालायचा. त्या माझ्या मनगटाला हात न लावता नुसत्या माझ्या कांडीच्या आवाजाकडे कान देऊन बसत. चांगल्या सहाणीवर नीट उगाळलेल्या शाईचा आवाज जवळजवळ येत नाही. खरखर ऐकू आली की समजायचं, जोर पडतोय.

शाई झाली हे कसं ओळखायचं? कांडी फिरत असताना तिच्या मागे सहाणीचा दगड क्षणभर उघडा पडतो आणि पाणी लगेच परत मिळतं. शाई दाट होत जाते तशी ती फट मिटायला वेळ लागतो. फट सावकाश मिटू लागली, पृष्ठभागावर तेलासारखी झळाळी आली, की कागदाच्या कोपऱ्यावर एक ठिपका देऊन पाहा. ठिपका काळा राहून कडेला अगदी थोडा पसरला तर शाई तयार. फार पसरला तर अजून उगाळा. दाट होऊन कुंचला ओढावा लागला तर दोन थेंब पाणी.

पाइनच्या काजळीची शाई निळसर काळी आणि बिनचकाकीची असते. तेलाच्या काजळीची चमकदार असते. सरावाला कुठलीही घ्या. उगाळून झालं की कांडी पुसून कोरडी करा. ओली तशीच ठेवली तर तडकते, सहाणीवर उभी ठेवली तर चिकटून बसते. उरलेली शाई उद्यासाठी ठेवू नका. काजळीला धरून ठेवणारा सरस रातोरात बिघडतो आणि दुसऱ्या दिवशी रेघेच्या कडा फुटतात. चित्रकार कधी कधी मुद्दाम अशी शिळी शाई वापरतात, पण शिकताना रोजची रोज उगाळायची.

या वेळात डोळ्यांना काम द्या. समोर कित्ता उघडून ठेवा. हात फिरतोय तोवर एकच अक्षर पाहत राहा. कुठली रेघ लांब, कुठली आखूड, दोन रेघांमधली पांढरी जागा कुठे अरुंद आणि कुठे मोकळी, अक्षराचं वजन कुठे आहे. चिनी शिक्षणात याला स्वतंत्र नाव आहे, दू थिए, म्हणजे कित्ता वाचणं. लिहिण्याइतकाच तो अभ्यासाचा भाग मानतात. माझा अनुभव असा की हाताचा दोष वाटतो त्यातला निम्मा नजरेचा असतो. दिसलंच नाही तर हात काढणार कुठून?

कोणाचा कित्ता गिरवायचा

इथे एकच सांगणं: एक निवडा आणि बदलू नका. थांग काळातले तीन जण नियमित लिपीसाठी, म्हणजे सुट्या नि स्पष्ट अक्षरांच्या 'काय' लिपीसाठी, पिढ्यान् पिढ्या गिरवले जातात: ओउयांग शून, यान झेनछिंग आणि ल्यू गोंगछुआन. ओउयांगचा 632 सालचा शिलालेख फार रेखीव आहे, केसभर ढळलं तरी डोळ्यांत येतं. यानची अक्षरं रुंद खांद्यांची, भरीव. मला ती भावली आणि नवख्याला तीच सुचवीन, कारण त्यात दाब आणि उचल स्पष्ट दिसते.

यानचे दोन शिलालेख शिआनच्या बेइलिन संग्रहालयात आहेत. 1087 साली सुरू झालेलं हे शिलालेखांचं वन आहे, एकेका दालनात माणसापेक्षा उंच काळ्या शिळा दाटीने उभ्या. दुओबाओ स्तूपाचा शिलालेख 752 चा, तेव्हा यान चाळिशीत होता. यान छिनलीचा, म्हणजे त्याच्या पणजोबाचा, शिलालेख 779 चा, तेव्हा सत्तरीत. दुसरी शिळा मधली कित्येक शतकं मातीखाली होती, 1922 मध्ये शिआनमध्येच सापडली. मी कामासाठी शिआनला गेलो होतो तेव्हा एक अख्खा दिवस या दोन शिळांपाशीच काढला. दुओबाओमध्ये प्रत्येक रेघ जागच्या जागी, दाट, काटेकोर, कोणी तपासणार आहे अशा बेताने लिहिलेली. सत्तावीस वर्षांनंतरच्या शिळेवर उभ्या रेघा जाड झाल्यात, आडव्या बारीक, आणि अक्षराच्या पोटात ऐसपैस जागा आहे. माणूस तोच, पण त्याला आता कुणाला काही दाखवायचं नाही. थांग काळातल्याच सुन गुओथिंगने 687 साली सुलेखनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने असं मांडलंय की शिकणारा आधी समतोल शोधतो, मग जोखीम घेतो, आणि शेवटी परत समतोलाकडे येतो, तेव्हा माणूस आणि अक्षर बरोबरच पिकलेले असतात. ते म्हणणं पटवून घ्यायचं असेल तर या दोन शिळांचे ठसे शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचे छापील ठसे स्वस्तात मिळतात.

सुरुवात दुओबाओने करा. आधी कळस मग पाया नको.

एक आडवी रेघ

बसायचं कसं: दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, पाठ सरळ, छाती टेबलापासून मूठभर लांब, डावा हात कागदावर. कुंचला अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत उभा धरायचा, अनामिका आतून टेका देते, करंगळी अनामिकेला चिकटून. तळहात पोकळ राहिला पाहिजे. मनगट टेबलावर टेकवायचं की अधांतरी ठेवायचं? तळहाताएवढ्या अक्षरांना अधांतरीच हवं. पहिले काही आठवडे खांदा भरून येईल, तेव्हा थांबा, हात झटका, परत बसा.

आता रेघ. ही मी सावकाश सांगतो, कारण सगळं शिक्षण या एका रेघेत आहे. जायचं आहे उजवीकडे, पण टोक टेकवताना ते आधी किंचित डावीकडे सरकवायचं, म्हणजे टोक रेघेच्या आत लपतं. तिथून खाली उजवीकडे दाबायचं. केस पसरतात. इथे थांबा. हा थांबा अर्ध्या श्वासाएवढा असतो. मग कुंचला जरासा वर घ्यायचा, पसरलेले केस गोळा होतात, टोक रेघेच्या बरोबर मधोमध येतं, आणि मग उजवीकडे चालायला लागायचं. बोटं हलवायची नाहीत, अख्खा हात जातो. वेग एकसारखा. रेघ तंतोतंत आडवी नसते, उजवीकडे थोडी चढती असते. शेवटाला आलात की टोक किंचित वर, मग खाली उजवीकडे दाब, परत एक लहानसा थांबा, आणि टोक आल्या वाटेने डावीकडे वळवून उचलून घ्या. गेलेलं परत आणल्याशिवाय रेघ संपत नाही.

लिहून झाली की तिच्याकडे नीट पाहा. सुरुवातीला काळा फुगवटा आला असेल, तर थांबा लांबला, कागद तोवर शाई पीत राहिला. मध्येच रेघ कोरडी पडून पांढरे तंतू दिसत असतील, तर तिथे हात पळाला. वरची कड गुळगुळीत आणि खालची दातेरी असेल, तर टोक मधून न जाता वरच्या कडेने घासत गेलं. हे सगळं कागदावर उमटलेलं असतं, त्याबद्दल वाद घालता येत नाही.

मग कागद खिडकीशी नेऊन उजेडावर धरा. सोंग काळाच्या सुरुवातीला, दहाव्या शतकात, शू श्वान नावाचा पंडित होऊन गेला. त्याच्या प्राचीन लिपीतल्या रेघा उजेडावर धरल्या की बरोबर मधोमध गडद शाईचा एक तंतू दिसायचा, अशी नोंद आहे. टोक शेवटपर्यंत मधून गेल्याचा तो पुरावा. कापड उजेडावर धरून विणीचा दोष शोधणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे लाओशींनी हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मला वेगळं काही समजवावं लागलं नाही. विरळ वीण आणि भरकटलेली रेघ, दोन्ही उजेडापुढे लपत नाहीत.

वेगाबद्दल चिनी परंपरेत एक शब्द आहे, वू लोउ हेन, छत गळल्याचा ओघळ. इचलकरंजीत आमच्या जुन्या घराच्या भिंतींवर जुलैमध्ये असे ओघळ मी मनसोक्त पाहिलेत. पाणी भिंतीवरून एकदम घसरत नाही. जरा उतरतं, अडतं, मागून थेंब भरतो, मग वाट काढत पुढे. कड कुठेही धारदार नसते तरी ओघळ सलग असतो. उभी रेघ ओढताना हे मनात ठेवा. सगळीकडे सारखंच हळू गेलं म्हणजे चांगली रेघ येते असं नाही. नुसतं रेंगाळत गेलात तर रेघ फुगते आणि मरते. सुरुवातीला आणि शेवटी थांबा, मध्ये चाल.

आडवी रेघ जमायला लागली की उभी, मग ठिपका, आणि मग 'योंग' हे अक्षर. पाच रेघांचं आहे, पण नियमित लिपीतल्या आठ मूळ क्रिया त्यात येतात: ठिपका, आडवी, उभी, आकडा, वर उचलती, लांब डावी उतरती, आखूड डावी उतरती आणि उजवीकडे दाबत जाणारी. शेवटची सगळ्यात अवघड. ती पातळ सुरू होते, पायाशी येईपर्यंत दाब वाढत जातो, तिथे थांबा, आणि मग उजवीकडे निमुळती होत कुंचला कागदावरून उठतो. त्या थांब्याशिवाय हिला पाऊल फुटत नाही.

तासाचा हिशेब

एका बैठकीला एक अक्षर पुरे. दोन नको. पाव तास उगाळणं. मग कित्ता पाहून चार वेळा लिहायचं. कुंचला खाली ठेवायचा. कित्त्याशी ताडून, सगळ्यात खटकणारा एकच दोष हेरायचा. पुढचे चार फक्त तो दोष डोळ्यांपुढे ठेवून. परत कुंचला खाली. असं तीन-चारदा. शेवटी कित्ता झाकून आठवणीतून एकदा. नजरेत काय राहिलं आणि काय निसटलं ते या शेवटच्या अक्षरात कळतं. तासात वीस अक्षरंही होत नाहीत, आणि तेच योग्य आहे. लाल अक्षरांवरून गिरवायचे छापील कागद मिळतात, पहिल्या महिन्यापुरते ठीक आहेत. त्यापुढे मात्र कित्ता बाजूला ठेवूनच लिहा, नाहीतर हात दुसऱ्याच्या कुबडीवर चालतो.

शेवटची दहा मिनिटं कुंचला धुण्याची. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा, मुळाशी शाई साचू द्यायची नाही, टोक बोटांनी जुळवून उलटा टांगायचा. पाण्याच्या भांड्यात उभा ठेवून निघून जाऊ नका, टोक कायमचं वाकतं.

लिहिलेला कागद त्याच दिवशी फाडू नका आणि त्याच दिवशी त्यावर निकालही देऊ नका. भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी शाई उगाळताना त्याच्याकडे पाहा. आदल्या दिवशीचं प्रेम किंवा राग ओसरलेला असतो, दोष चक्क पुढे येऊन उभे राहतात. महिन्याचा एक कागद तारीख घालून जपून ठेवा. प्रगती आठवड्यात दिसत नाही, महिन्यातही क्वचित. मध्ये असे दिवस येतात की कालच्यापेक्षा आजचं वाईट. त्याचं कारण बहुधा हेच की नजर हाताच्या पुढे गेलेली असते. त्या दिवसांत कित्ता बदलायचा मोह होतो, नवा कुंचला घ्यावासा वाटतो. दोन्ही करू नका, आडव्या रेघेवर परत या.

धीराच्या जुन्या गोष्टी तिकडे ढिगाने आहेत. छेन-सुई काळातला भिक्षू झीयोंग हा वांग शीझी या चौथ्या शतकातल्या थोर सुलेखनकाराच्या वंशातला. तो तीस वर्षं मठात राहून हजार अक्षरांचा प्रसिद्ध पाठ लिहीत राहिला, आठशे प्रती करून त्याने मठांना वाटल्या आणि झिजलेल्या कुंचल्यांना समाधी दिली, असं सांगतात. वांग शीझीची लानथिंगची जागा तर शाओशिंगच्या हद्दीतच आहे. 353 साली तिसऱ्या चांद्र महिन्यात तिथे ओढ्याकाठी मंडळी जमली, कविता झाल्या, आणि वांगने त्या कवितांना प्रस्तावना लिहिली: 28 ओळी, 324 अक्षरं. त्यात 'झी' हे साधंसं अक्षर वीसेक वेळा येतं आणि दर वेळी निराळं काढलेलं आहे. ती मद्याच्या अमलात, एका बैठकीत, धावत्या लिपीत उतरली. लोक तेवढंच ऐकतात आणि झपाट्याने लिहायला धावतात. ज्या हाताने ती उतरली तो तोवर किती वर्षं कुंचले धुऊन पाणी काळं करत होता, हे लानथिंगला तळ्याच्या काठी उभं राहिलं की ध्यानात येतं. धावती लिपी हवीच आहे, पण नियमित लिपी अंगात मुरल्यावर.

पाण्याने लिहिणं

रोज शाई-कागद जमत नसेल तर पाण्याने लिहा. केछियाओत सकाळी कालव्याकाठच्या बागेत निवृत्त मंडळी येतात, हातात काठीला लावलेला स्पंजचा मोठा कुंचला आणि पाण्याची बादली. फरसबंदीवर एका चौकोनात एक अक्षर लिहीत मागे मागे सरकत जातात. उन्हाळ्यात ओळ पूर्ण होईतो पहिली अक्षरं वाळून गेलेली असतात. हिवाळ्यात बराच वेळ टिकतात. कोणी हळहळत नाही, बादली तिथेच असते.

आपल्याकडे हे फार सोपं आहे. गच्चीवर किंवा अंगणात शहाबादी फरशी असेल तर तिच्यासारखी जागा नाही, ओली झाली की काळीभोर होते आणि अक्षर उठून दिसतं. झाडूच्या काठीला निमुळता कापलेला स्पंज बांधा. एवढ्या मोठ्या अक्षराला मनगट पुरत नाही, खांदा आणि कंबर हलते, आणि टेबलावर आखडणारा हात इथे मोकळा होतो. सकाळी सातच्या आधी करा, नंतर फरशी तापते. घरात करायचं तर पाण्याने लिहायचं कापड मिळतं. ओलं झालं की काळं दिसतं आणि काही मिनिटांत परत कोरं. कागद वाया जाण्याची धास्ती असलेल्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पण शाई पूर्ण सोडू नका. पाणी दोष पुसून टाकतं, आणि दोष भिंतीवर लागलेला असल्याशिवाय सुधारत नाही.

एक्याऐंशी दिवसांचा तक्ता

ज्यांना रोजची सवय लागत नाही त्यांच्यासाठी चिनी लोकांची एक जुनी रीत सांगतो. हिवाळी अयनदिनापासून नऊ दिवसांचा एक, असे नऊ नवक मोजले की थंडी सरते, असा उत्तर चीनचा हिशेब. छिंग राजवाड्यात दाओग्वांग बादशहाच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, त्यासाठी नऊ अक्षरांचा एक तक्ता भिंतीवर लावत. अक्षरं पोकळ, नुसत्या बाह्यरेषेची. प्रत्येक अक्षर नऊ रेघांचं. रोज एकच रेघ भरायची. थिंग, छियेन, छुई, ल्यू, झेन, झोंग, दाय, छुन, फेंग: मंडपापुढची झुकती वाळुंजं जपा, वसंतवाऱ्याची वाट पाहा, असा साधारण अर्थ. 21 डिसेंबरला पहिली रेघ भरली तर शेवटची 11 मार्चला येते.

करायचं असं. ही नऊ अक्षरं जुन्या पारंपरिक रूपात, नियमित लिपीत मोठी छापून घ्या. साध्या रूपात घेतलीत तर रेघांची संख्या जुळत नाही. त्यावर पातळ कागद ठेवून टोकदार पेन्सिलीने प्रत्येक रेघेची बाह्यरेषा काढा. हेही सोपं नाही, दोन संध्याकाळी जातील. थांग दरबारातल्या नकलकारांनी लानथिंगच्या प्रस्तावनेच्या प्रती अशाच बाह्यरेषा काढून, आत शाई भरून केल्या. मूळ आता नाही, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे ती अशीच एक प्रत.

मग रोज एक रेघ, क्रमानेच. त्या एका रेघेसाठीसुद्धा शाई उगाळायची, कुंचला भिजवायचा, बसायचं, आणि नंतर धुवायचा. भरताना रेघ रंगवू नका, लिहा: टोक लपवून सुरुवात, थांबा, चाल, थांबा, परत. बाह्यरेषेबाहेर गेली तरी तशीच राहू द्या. शेजारी बारीक अक्षरात त्या दिवसाचं हवामान टिपायची तिकडे पद्धत आहे, ती पाळा: गार वारा, ढग, लख्ख ऊन, एवढंच.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन रेघा भरू नका. चुकलेली पोकळच ठेवा आणि आजची भरा.